मागच्या भागातली चूक: अ‍ॅबेचा नियम आणि नक्षीदार प्लेट

मागच्या भागात मी बिनधास्त बोलून गेलो, की मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी 'प्रकाशाचा नियम मोडला'. एकाने मेसेज करून विचारलं, "दादा, कुठला नियम?" आणि माझी दांडी गुल. बीटेक असून! म्हणून आज दुरुस्ती.

नियम एर्न्स्ट अ‍ॅबेचा, १८७३ चा. भिंग कितीही भारी असो, प्रकाशाचा ठिपका तरंगलांबीच्या साधारण अर्ध्यापेक्षा बारीक होत नाही. का? कारण सगळ्यात बारीक तपशील ज्या लहरींत असतात, त्या पुढे जातच नाहीत, जागच्या जागी विरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की बारकावे गळतात, मग कितीही झूम करा. इथे कॉम्प्रेशन करतं ते अंतर.

२००८ मध्ये ग्रबिक, जियांग आणि मर्लिन यांनी भिंगच काढून टाकलं. सपाट प्लेटवर अशी नक्षी केली, की शेजारशेजारच्या भागांतली फील्ड्स उलटसुलट होतात, आजूबाजूला एकमेकांना मारतात आणि मधल्या एकाच जागी उरतात. म्हणजे त्या विरणाऱ्या लहरींनाच कामाला लावलं! मायक्रोवेव्हची तरंगलांबी सुमारे ३० सेंटिमीटर, आणि फोकसची रुंदी दीडेक सेंटिमीटर. विसावा भाग!

पण हे सगळं प्लेटच्या अगदी जवळ. थोडं लांब गेलात की अ‍ॅबेसाहेब परत हजर. आणि दिसणाऱ्या प्रकाशासाठी हीच नक्षी नॅनोमीटरमध्ये कोरायची, ते आणखी अवघड. त्यामुळे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून व्हायरस दिसेल का, असं विचारणाऱ्यांनो, नाही दिसणार. मागच्या भागाच्या शीर्षकातला 'मोडला' मी आजच काढतोय.