काचेच्या टाकीतली हिरवळ

ईदीचे पैसे साठवून मुले काचेची टाकी घरी आणतात. सोबत चार मासे, रंगीत खडे आणि दुकानदाराने बांधून दिलेली हिरवी जुडी. महिन्याभरात जुडी कुजते, पाण्याला वास येतो आणि एके सकाळी एखादा मासा उलटा तरंगताना दिसतो. मुले रडतात, टाकी माळ्यावर जाते. आम्हांला वाटते, बहुतेक घरांत गडबड होते ती वनस्पती निवडतानाच.

पाण्याखाली न जगणारी रोपेही कित्येक दुकानांत टाकीत उभी करून विकतात. 'लकी बांबू' हे त्यातले सर्वांत ओळखीचे. तो बांबू नाहीच, ड्रसिना कुळातले जमिनीवरचे झाड आहे. मुळे पाण्यात आणि पाने हवेत असतील तर छान टिकते; पूर्ण बुडवले की हळूहळू सडते. मनी प्लँटचेही तेच. पण हीच सवय आपल्या कामाची आहे. मनी प्लँटची फांदी टाकीच्या काठावर अशी अडकवा की फक्त मुळे पाण्यात राहतील. माशांच्या विष्ठेतून तयार होणारे नायट्रेट ती शोषून घेते, आणि खर्च काहीच नाही.

विकतच घ्यायचे तर आधी अनुबियास किंवा जावा फर्न घ्या. अनुबियास आफ्रिकेतल्या ओढ्यांच्या काठी सावलीत वाढते, म्हणून तिला साधा एलईडी दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. पाने जाड, त्यामुळे हिरवा पाला फस्त करणारा गोल्डफिशही तिच्या वाटेला सहसा जात नाही. पथ्य एकच. तिचे आडवे, जाड खोड वाळूत पुरू नका, नाहीतर ते कुजते. सुती दोऱ्याने दगडाला बांधा. काही आठवड्यांत मुळे दगड धरतात. जावा फर्नही असेच बांधायचे.

क्रिप्टोकोराईनची गोष्ट वेगळी. नव्या पाण्यात तिची पाने अक्षरशः विरघळतात आणि घरचे तिला मेली समजून फेकून देतात. थांबा. सडलेली पाने तेवढी काढा, मुळे हलवू नका. साधारण तीन-चार आठवड्यांत नवी पाने डोके वर काढतात.

टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, काचेवर शेवाळ चढते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना बाधते. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा किंवा क्लोरीन काढणारे औषध घाला. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलले की पुरे. काढलेले पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना ते खतासारखे लागते.

आमचा खरा आग्रह रात्रीबद्दल आहे. वनस्पती आहेत म्हणजे हवेचा पंप नको, असे अनेकांना वाटते. दिवसा प्रकाशात त्या प्राणवायू सोडतात हे खरे. पण अंधारात त्याही माशांसारखाच प्राणवायू घेतात. त्यात मे महिन्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमीच मावतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पंपाचा आवाज झोपेत येतो म्हणून तो बंद करायचा, आणि फजरला उठल्यावर मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना पाहायचे, हे टाळता येते. पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवा, आवाज बराच कमी होतो. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवरचा छोटा पंप जवळ असू द्या.

रोपे वाढली की छाटणी आलीच. छाटलेले तुकडे नदीत, विहिरीत, तलावात टाकू नका. आज पुण्याच्या मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सुंदर फुलांसाठी लोकांनीच ती देशोदेशी नेली. उलट सातारच्या कास पठारावरचा वायतुरा आपल्या सह्याद्रीखेरीज कुठे उगवत नाही. सहलीला गेल्यावर टाकीसाठी तो उपटून आणू नये, हेही मुलांना सांगावे. छाटलेला पाला गच्चीवर कडकडीत वाळवा आणि चुरून मोगऱ्याच्या कुंडीत घाला.