बेशरम : ओळख, लागण आणि सावधगिरी



एकलहरे शिवारात गोदाकाठाला, ओढ्यात, पाटाच्या कडेला बारमाही हिरवे राहणारे, फिक्या गुलाबी-जांभळट फुलांचे झुडूप म्हणजे बेशरम. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातले. फुकटात मिळते, गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून पुष्कळांनी ते कुंपणाला लावले. लावावे की काढावे, याचा इथे खुलासा करीत आहोत.

पान मोठे, हृदयाच्या आकाराचे, टोकाला निमुळते. फूल नरसाळ्यासारखे, आतून गडद. रताळ्याचे फूल पाहिलेल्याला लगेच ओळखू येईल, दोन्ही एकाच कुळातली. फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो. निर्गुडीशी गल्लत नको. तिच्या एका देठाला तीन किंवा पाच पाने असतात.

लागणीला काही कसब लागत नाही. हातभर कांडी ओलीत खोचली की झाले, उसाच्या टिपरीचे लाड याहून जास्त! आणि धोका तोच. छाटून टाकलेला तुकडाही ओलीला पडला की फुटतो. इथून पुरात गेलेली कांडी खाली नांदूरमध्यमेश्वरकडेच जाणार. पाणपक्ष्यांचे ते ठिकाण रामसर यादीत आहे.

पण उसाला खरा दणका बसतो तो चरातून. चरात बेशरम माजले की गाळ अडतो, पाणी तुंबते, उसाची मुळे कुजतात. असे वर्षानुवर्षे चालले तर जमीन खारवट होते. मग खताच्या गोण्या ओतून काय उपयोग? म्हणून चर, पाट, ओढा यांच्या काठी हे झुडूप नकोच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेळ्यांनाही जपा. चाराटंचाईत त्या हे खाऊ लागतात आणि पुढे त्यांना चटक लागते. मग मान थरथरते, चाल लटपटते, जनावर खंगत जाते. अशी लक्षणे दिसताच पाला बंद करून पशुवैद्यकाला दाखवावे.

काढायचे तर उन्हाळ्यात, चर कोरडा असताना, मुळासकट खणून काढा. वरून छाटल्याने आणखी फुटते. निघालेला माल मुरमाड जागी पसरून कडक वाळवा. हिरवा ओढ्यात लोटू नका. चर दोघांच्या सामाईकीत असेल तर दोघांनी एकाच आठवड्यात हात घालावा, नाहीतर वरच्याचे खालच्याकडे येते. कुंपणाला निर्गुडी किंवा सागरगोटा लावा. पाण्यापासून लांब, कोरड्या बांधावरचे बेशरम ठेवायचेच असेल तर फुलोऱ्याआधी छाटा आणि तुकडे गोळा करा. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी चरावर एक फेरी मारून नवे फुटवे उपटून टाकावेत.