रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृती

गर्भावस्थेत रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्या यांची घडण सदोष झाल्यामुळे निर्माण होणाऱ्या व्यंगास रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृती म्हणतात. ती कर्करोग नव्हे आणि संसर्गजन्यही नव्हे. अनेक प्रकारांच्या मुळाशी गर्भाच्या काही पेशींपुरता झालेला जनुकीय बदल असतो; ग्रहणकाळातील मातेच्या वर्तनाचा त्याच्याशी संबंध नाही.

हिमँजिओमाशी फरक

१९८२ मध्ये मलिकन व ग्लोवाकी या अमेरिकी संशोधकांनी हा भेद स्पष्ट केला. अर्भकांतील हिमँजिओमा ही गाठ बहुधा जन्मानंतर काही आठवड्यांत दिसू लागते, पहिल्या वर्षात झपाट्याने वाढते आणि पुढे हळूहळू ओसरते. जन्मजात विकृती मात्र आपोआप नाहीशी होत नाही. ती मुलाबरोबर वाढते. पौगंडावस्था, गर्भारपण किंवा इजा यांनंतर ती बळावू शकते. त्यामुळे ‘वयाबरोबर जाईल’ या समजुतीने वाट पाहणे येथे अपायकारक ठरू शकते.

प्रकार

* केशवाहिन्यांची : त्वचेवर सपाट, तांबडा-जांभळा डाग.
* नीलांची : निळसर, मऊ, दाबल्यास आकसणारी सूज.
* लसिकावाहिन्यांची : बहुधा मानेत किंवा काखेत द्रवाने भरलेली सूज.
* रोहिणी-नीलांची : उष्ण लागणारी, ठोके जाणवणारी, रक्तस्रावाचा धोका असणारी.

निदान

प्रथम पूर्ववृत्त व शारीरिक तपासणी, नंतर डॉपलर सोनोग्राफीने रक्तप्रवाहाचा वेग पाहतात. एमआरआयने खोली व व्याप्ती कळते. रोहिणी-नीलांच्या प्रकारात उपचारापूर्वी अँजिओग्राफी करतात.

उपचार

उपचार प्रकारानुसार बदलतात. सपाट डागांसाठी लेझर, नीला व लसिकावाहिन्यांच्या विकृतीत औषध टोचून पोकळ्या बंद करण्याची पद्धत, तर रोहिणी-नीलांच्या विकृतीत नलिकेद्वारे आतून मार्ग बंद करणे व आवश्यकतेनुसार शस्त्रक्रिया केली जाते. या शेवटच्या प्रकारात केवळ रक्तपुरवठा करणारी रोहिणी बांधल्यास विकृती नव्या वाटांनी पुन्हा वाढते. निवडक रुग्णांत सिरोलिमस हे औषध उपयोगी पडते.

हिंगोली जिल्ह्यातील संदर्भ

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शासकीय शाळांमधील मुलांची तपासणी होते. तेथे पालक वा शिक्षकांना अशी सूज पथकाच्या निदर्शनास आणता येते. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शेजारच्या नांदेड येथेही असे महाविद्यालय आहे. अशी सूज निदानापूर्वी कापणे, डागणे किंवा फोडणे धोक्याचे असते.