घरचा पोहण्याचा हौद

महाराष्ट्रात पोहणे शिकण्याची शाळा म्हणजे विहीर किंवा नदीचा डोह. मुलाच्या कमरेला वाळलेला भोपळा बांधावा, काठावर कोणी जाणता मनुष्य बसावा, आणि थोड्याच दिवसांत मुलाने भोपळा टाकून द्यावा, असा शिरस्ता पिढ्यान् पिढ्या चालत आला. आता शहरांतील बहुतेक विहिरी बुजल्या, नद्यांचे पाणी अंगाला लावण्याजोगे राहिले नाही; आणि ज्यांना ऐपत आहे अशी काही कुटुंबे बंगल्याच्या आवारातच पोहण्याचा हौद बांधू लागली आहेत. हौस चांगली आहे. तथापि हौद बांधणे हे एका उन्हाळ्याचे काम, आणि तो सांभाळणे हे रोजचे काम, ही गोष्ट नकाशा काढण्यापूर्वीच ध्यानात घेतली पाहिजे.

प्रथम हिशेब. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, आणि एका टोकास ०.९ व दुसऱ्या टोकास १.५ मीटर खोल असा हौद घेतला, तर त्याची सरासरी खोली १.२ मीटर होते. म्हणजे त्यात ३८.४ घनमीटर, अर्थात ३८,४०० लिटर पाणी मावेल. शहरातील मनुष्याला दररोज १३५ लिटर पाणी लागते असे प्रमाण भारतात धरतात. त्या मानाने पाच माणसांच्या कुटुंबास जवळजवळ ५७ दिवस पुरेल इतके पाणी या एका हौदात सामावते. उन्हाळ्यात वाफेने पातळी दिवसाला ६ मिलीमीटर जरी उतरली, तरी १९२ लिटर पाणी रोज आकाशात जाते. म्हणून असे पाणी वारंवार बदलणे हा मार्गच नव्हे. एकदा भरलेले पाणी वर्षानुवर्षे शुद्ध राखणे हाच खरा मार्ग होय. रात्री हौदावर आच्छादन घातल्यास वाफही पुष्कळ वाचते.

आता जागा. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर टेकलेला हौद दोन-चार वर्षांत तडकला तर नवल नाही. म्हणून काळी माती काढून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदावे, आणि लोखंडी सळयांचे काँक्रीट करून आतून जलरोधक गिलावा द्यावा. दुसरा धोका कित्येकांच्या स्वप्नीही नसतो. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर चढते. त्याच वेळी साफसफाईसाठी हौद रिकामा केला, तर आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे खालचे पाणी त्याला नावेसारखे वर उचलू लागते, आणि तळ फुटतो. सबब पावसाळ्यात हौद रिकामा करू नये, व तळाखाली पाण्याचा निचरा आरंभीच करून ठेवावा.

वड, पिंपळ, उंबर यांची मुळे बांधकामात शिरतात व पाने पाण्यात कुजतात. म्हणून ही झाडे दूर असावीत. काठाची फरशी खडबडीत असावी, आणि तिचा उतार हौदाच्या उलट दिशेस असावा, म्हणजे अंगणातील गढूळ पाणी आत येणार नाही.

साचलेले पाणी नासते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने, ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवून, पुण्यातील हौदांपर्यंत आणले गेले. ते हौद पाणीपुरवठ्याचे होते, पोहण्याचे नव्हते. पण पाणी वाहते असावे आणि वाटेत गाळ खाली बसावा, हे तत्त्व तेच. घरच्या हौदात उताराचे काम पंप करतो. सर्व पाणी सहा तासांत एकदा वाळूच्या गाळणीतून फिरावे असे धरले, तर पंपाने ताशी ६,४०० लिटर पाणी खेचले पाहिजे. गाळणीवरील दाब वाढला म्हणजे ती तुंबली असे समजून उलट प्रवाहाने धुवावी.

गाळणी गाळ काढते, जंतू मारीत नाही. ते काम क्लोरीनचे. एक लिटर पाण्यात १ ते ३ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा. वरील हौदात १ मिलिग्रॅम वाढवावयाचा, तर ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइटची पूड सुमारे ६० ग्रॅम लागते. परंतु नुसता क्लोरीन घालून भागत नाही. पाण्याचा सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान हवा. सामू ७.५ असता क्लोरीनचा निम्मा भाग प्रभावी असतो. तोच ८ वर गेला की जेमतेम पाव उरतो. मग पूड ओतावी तितकी थोडी, आणि शेवाळ आपले वाढतच राहते. ऊनही क्लोरीन नष्ट करते. म्हणून पूड सूर्यास्तानंतर घालावी, आणि पोहण्यापूर्वी चाचणीच्या संचाने पाणी तपासावे. पाण्याला उग्र वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो वास घाम व मूत्र यांच्याशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो. म्हणून पोहण्याआधी स्नान करणे हा केवळ शिष्टाचार नव्हे.

औषधे हाताळताना तीन नियम पाळावेत. पूड पाण्यात घालावी, पाणी पुडीवर ओतू नये. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आणू नयेत. त्यांतून विषारी वायू निघतो. दोन निराळ्या प्रकारच्या क्लोरीनच्या पुडी एका डब्यात ठेवू नयेत. त्या पेट घेऊ शकतात.

पातळी नेहमीपेक्षा अधिक उतरत असेल, तर गळतीची परीक्षा सोपी आहे. पाण्याने भरलेली बादली हौदाच्या पायरीवर ठेवावी, आतील व बाहेरील पातळीवर खूण करावी, आणि पंप बंद ठेवून एक दिवसाने पाहावे. दोन्हीकडे सारखेच पाणी उतरले तर वाफ. हौदाचे अधिक उतरले तर गळती.

सर्वांत महत्त्वाचा विषय शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात सुमारे ३,००,००० माणसे बुडून मेली, आणि त्यांत जवळजवळ चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. बुडणारे मूल ओरडत नाही. ते मुकाट्याने खाली जाते. म्हणून हौदाला चारही बाजूंनी निदान १.२ मीटर उंचीचे, चढता न येणारे कुंपण असावे. घराची भिंत ही त्याची चौथी बाजू धरू नये, कारण दार घरातूनच उघडते. फाटक आपोआप मिटणारे व कडी उंचावर असावी. तळाच्या नळाच्या तोंडाशी केस किंवा अंग ओढले जाऊन अपघात होतात. अमेरिकेत याकरिता २००७ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पंपाच्या मार्गावर अशी दोन तोंडे एकमेकांपासून दूर ठेवून त्यांवर सुरक्षित जाळ्या बसवाव्यात. विजेच्या जोडणीस आरसीसीबी अवश्य हवा.

बुडालेल्यास उलटे टांगणे किंवा त्याचे पोट दाबणे, ही जुनी रीत घातक आहे. तीत मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबण्यास आरंभ करावा, आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही क्रिया घरातील दोघांना तरी शिकून ठेवता येते.

ज्या घरात रोज पाणी तपासण्यास कोणी आहे, आणि मुले पाण्यात असेतोवर काठावर बसण्यास कोणी आहे, त्या घराने हौद खुशाल बांधावा. भोपळा गेला, विहीर गेली. काठावरच्या त्या जाणत्या माणसाची गरज मात्र तशीच राहिली आहे.