ताप आला तर डॉक्टरांना पाण्याचं आधी सांगा

मंडळी, पाऊस सुरू झाला की कलघटगी भागातल्या तळ्यांत आपण गुडघाभर चिखलात जाळी ओढतो. पायाला एखादी चीर असतेच. उंदीर, गुरं यांच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टोस्पायरा नावाचा जंतू तिथूनच अंगात शिरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत याचीच साथ आली होती.

साधारण ५ ते १४ दिवसांत थंडीताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. वेळेत प्रतिजैविकं सुरू झाली तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेततं.

हा जंतू इतका बारीक, की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळेत बहुतेक वेळा रक्तातली प्रतिपिंडं तपासतात. ती तयार व्हायला आठवडाभर लागतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला तरी निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना विचारून परत तपासा.

आणि दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा, “आम्ही मासेमारी करतो, पाण्यात उतरलो होतो.” या एका वाक्यानं डॉक्टरांना दिशा मिळते. जखम असेल तर ती झाका, गमबूट घाला, नाहीतर त्या दिवशी काठावरचं काम घ्या.