बढती देणारा अदृश्य हात

नोव्हेंबर २००४ मध्ये चीनमध्ये एक अजब प्रकार घडला. चायना मोबाइल, चायना युनिकॉम आणि चायना टेलिकॉम या एकमेकींच्या हाडवैरी कंपन्या. त्यांचे शेअर हाँगकाँग-न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जायचे. तरीही त्यांच्या सर्वांत वरच्या फळीतल्या माणसांची अचानक आपसांत अदलाबदल झाली! उद्या सकाळी जिओचे साहेब एअरटेलमध्ये आणि एअरटेलचे व्होडाफोनमध्ये रुजू झाले, तर आपण काय म्हणू?

हुकूम भागधारकांचा नव्हता, कम्युनिस्ट पक्षाचा होता. पक्षाचा केंद्रीय संघटन विभाग मंत्री, प्रांतप्रमुख, बड्या सरकारी कंपन्यांचे आणि नामांकित विद्यापीठांचे प्रमुख, अशा सगळ्यांच्या फायली सांभाळतो. कुणाला कुठे बसवायचे, याची शिफारस तिथूनच निघते. युक्ती मूळ सोव्हिएत. १९२२ साली स्टालिन सरचिटणीस झाला, तेव्हा ती खुर्ची इतरांना निव्वळ कारकुनीची वाटली होती. पण नेमणुकांच्या याद्या ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुढे सारा देश आला.

मग पक्षाच्या दहा कोटींच्या घरातल्या सदस्यांतून शिखरावरची, म्हणजे स्थायी समितीतली, सात माणसे निघतात तरी कशी? शी जिनपिंग यांचीच वाट पाहा. १९८२ मध्ये हेबेईतल्या झेंगडिंग या परगण्यात उपसचिव. मग फुजियानमध्ये तब्बल १७ वर्षे, पुढे झेजियांग, शांघाय. एकेक पायरी, एकेक बदली. (वडील माजी उपपंतप्रधान होते, हेही विसरायचे नाही. शिडी सगळ्यांना सारखी नसतेच.) आणि गंमत पाहा: १९९७ मध्ये केंद्रीय समितीच्या १५१ पर्यायी सदस्यांची यादी मतांच्या क्रमाने लागली, तेव्हा त्यांचे नाव सर्वांत शेवटी होते. पंधरा वर्षांनी तेच सरचिटणीस!

या शर्यतीत खरा प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. प्रांतप्रमुख किंवा मंत्री दर्जाच्या माणसाने साधारण ६५ व्या वर्षी घरी जायचे. म्हणजे खालच्या एखाद्या पायरीवर तीन-चार वर्षे जास्त रेंगाळलात, की वरचे दार कायमचे बंद. म्हणून तर पस्तिशी-चाळिशीतच हिशेब मांडावे लागतात. अगदी शिखरावरही अलिखित संकेत होता: पक्षाच्या अधिवेशनावेळी ६७ वर्षांचा असेल तो राहील, ६८ चा जाईल.

२०२२ मध्ये पंतप्रधान ली केचियांग ६७ वर्षांचे होते, ते स्थायी समितीतून गेले. शी ६९ वर्षांचे होते, ते राहिले.