लिंक उजवीकडून वाचा: डोमेन नेम नेमकं कसं काम करतं?

गेल्या पावसाळ्यात कराडहून काकांचा फोन आला. "अनुदान मंजूर झालंय म्हणून मेसेज आलाय. लिंक उघडून आधार नंबर टाकू का?"

"थांबा काका, आधी लिंक मला पाठवा."

"अरे, सातारा गव्ह इन लिहिलंय की त्यात! सरकारीच आहे."

लिंक साधारण अशी होती: सातारा.गव्ह.इन.अनुदान-केवायसी.टॉप (ब्राउझरमध्ये हे इंग्रजी अक्षरांत असतं, इथे वाचायला सोपं म्हणून मराठीत लिहितोय). काकांनी नाव डावीकडून वाचलं. इंटरनेट ते उजवीकडून वाचतं. सगळी गडबड इथेच होते.

नाव आपल्यासाठी, नंबर मशीनसाठी

कुठल्याही वेबसाइटपर्यंत पोचायला तिच्या सर्व्हरचा आयपी अ‍ॅड्रेस लागतो. आयपीव्ही४ पद्धतीत तो ० ते २५५ मधल्या चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ ८.८.८.८. असे पत्ते जास्तीत जास्त ४३० कोटींच्या आसपास होतात. ते कमी पडायला लागले म्हणून आयपीव्ही६ आलं.

पण हे आकडे लक्षात कोण ठेवणार? म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत मांडली. आपण नंबर 'काका' नावाने सेव्ह करतो ना, तसंच. फक्त ही यादी एका जागी नसून जगभरच्या सर्व्हरवर वाटलेली आहे.

शोध कसा लागतो?

पाकिटावर आपण गाव, ता. कराड, जि. सातारा असं लिहितो. पण बाहेरून आलेलं पत्र आधी जिल्ह्यात येतं, मग तालुक्यात, मग गावात. डीएनएसचंही तसंच.

तुम्ही सातारा.गव्ह.इन टाइप केलं की फोन बहुतेक वेळा तुमच्या मोबाइल कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. त्याला उत्तर माहीत नसेल, तर तो रूट सर्व्हरकडे जातो. रूट त्याला 'इन'कडे पाठवतो, 'इन' त्याला 'गव्ह.इन'कडे, आणि तिथून साताऱ्याचा आयपी अ‍ॅड्रेस मिळतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

मालक कोण, ते शेवट सांगतो

गव्ह.इन फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं. शेजारच्या सांगली जिल्ह्याचा वर्षानुवर्षे वापरातला पत्ता सांगली.एनआयसी.इन आहे. शेवट वेगळा, पण तोही सरकारीच. सांगलीच्या वालचंद कॉलेजचा पत्ता एसी.इनवर संपतो, कारण ते शैक्षणिक संस्थांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेने तर बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक.इन या नावावर यायला सांगितलं होतं.

आता काकांची लिंक बघा. शेवट 'टॉप', त्याआधी 'अनुदान-केवायसी'. खरा मालक हा! हे नाव कुणीही थोड्या पैशात घेऊ शकतं आणि त्याच्या पुढे हवं ते जोडू शकतं. घर माझं असेल, तर आतल्या खोलीला मी 'कलेक्टर ऑफिस' अशी पाटी लावू शकतो. म्हणून काय ते कलेक्टर ऑफिस होतं का?

लिंक कशी तपासायची?

१. 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा. पुढची पहिली तिरकी रेघ शोधा, आणि तिथून डावीकडे वाचत या. तिरकी रेघ नसेल, तर लिंकच्या शेवटापासून सुरू करा.
२. डॉट आणि डॅश यात फरक आहे. सातारा.गव्ह.इन वेगळं, सातारा-गव्ह.इन वेगळं.
३. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं नाही. तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल, तर ती सुरक्षितपणे चोरालाच मिळते.

माहिती किंवा ओटीपी देऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

काकांनी त्या दिवशी आधार नंबर टाकला नाही. आता मेसेज आला की ते आधी शेवटचा डॉट शोधतात. तुमच्या घरच्यांनाही एवढं एकदा शिकवाच.